द्राक्षबागेसाठी २१ व्होल्टची बॅटरी कात्री: घ्यावी का, आणि घेतली तर कशी वापरावी

सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या पट्ट्यात एप्रिलच्या खरडछाटणीला आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीला हातकात्रीच्या जोडीला आता बॅटरी कात्री दिसू लागली आहे. हे परीक्षण त्यातल्या एका ठरावीक प्रकाराचं आहे. बॅटरी मुठीच्या खालीच बसते, अंगावर ‘२१ व्होल्ट’ आणि ‘२५ मिमी’ किंवा ‘३० मिमी’ छापलेलं असतं, आत ब्रशलेस मोटर, पुढे एसके-५ पोलादाचं पातं, सोबत दोन बॅटऱ्या आणि चार्जर. किंमत साधारण दहा हजारांच्या आत. नावं आणि रंग दुकानागणिक बदलतात, पण उघडून पाहिलं तर बऱ्याच कात्र्यांचं आतलं काम सारखंच निघतं. म्हणून इथे नावाऐवजी प्रकाराबद्दल लिहिलं आहे.

निकाल आधी सांगतो. घरची दोन-तीन एकर बाग आहे, घरचीच माणसं छाटतात, हातकात्रीने मनगट आणि अंगठा धरतो, तर ही कात्री जरूर घ्यावी. टोळीने सकाळपासून संध्याकाळपर्यंत महिनाभर छाटणी करणाऱ्यांनी ती घेऊ नये. त्यांच्यासाठी बॅटरी पाठीवर किंवा कमरेला लावायची, वायरने जोडलेली कात्रीच योग्य. तिची किंमत कित्येक पट असते, पण हातातलं वजन कमी आणि यंत्रणा रोजच्या राबत्यासाठी बनवलेली असते. आणि या कात्रीचं खरं दुखणं पात्यात किंवा मोटरीत नाही. ती वर्षातून दोन हंगाम चालते आणि उरलेले महिने पडून असते. बॅटरी मरते ती त्या पडून राहण्याच्या काळात. सांभाळायचं ते मुख्यतः तेव्हाच, आणि त्याची तयारी खरेदीच्या दिवसापासून सुरू होते.

छापलेले आकडे कसे वाचायचे

२१ व्होल्टच्या बॅटरीत लिथियम-आयनचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, पाचांचे झाले २१. त्याच सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरतात, पाचांचे १८. म्हणजे १८ व्होल्टचा ड्रिल आणि २१ व्होल्टची कात्री या दोन्हींची बॅटरी मुळात एकाच ताकदीची, फक्त आकडा वेगळ्या क्षणाचा. काही खोक्यांवर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ असं छापलेलं असतं. बॅटरी काढून मल्टिमीटर लावला तर तीही २१च दाखवते. त्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

क्षमतेचं तसंच. या बॅटऱ्यांत बहुधा १८६५० मापाचे सेल असतात, म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. असा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्याची क्षमता जास्तीत जास्त साडेतीन अँपिअर-तासांपर्यंत जाते. त्यामुळे एका रांगेतल्या पाच सेलच्या बॅटरीवर ‘६००० एमएएच’, म्हणजे सहा अँपिअर-तास (एएच), लिहिलं असेल तर ते शक्यच नाही. दुकानातच वजनकाटा मागा. पाच सेलची बॅटरी प्लास्टिक आणि सर्किटसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते, दहा सेलची सहाशेच्या पुढे. लिहिलंय ‘४ एएच’ आणि काटा दाखवतोय तीनशे ग्रॅम, तर आत पाचच सेल आहेत हे ओळखा. बॅटरीवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी खूण आहे का तेही बघा. पोर्टेबल लिथियम बॅटऱ्यांसाठी आपल्याकडे आयएस १६०४६ हे मानक लागू आहे आणि त्याचा ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बॅटरीवर हवा. सेलवर नाव-गाव नाही, बॅटरीवर खूण नाही, अशी बॅटरी घरात चार्जिंगला लावण्याच्या लायकीची नसते.

पात्याचा आकडाही जपून घ्यावा. ‘३० मिमी’ हे ओल्या, मऊ लाकडाचं माप समजा. द्राक्षाची वाळकी काडी किंवा जुना ओलांडा (वेलीची आडवी जाड फांदी) फार चिवट असतो, तिथे छापलेल्या मापाच्या दोन-तृतीयांशापुढे जाऊ नका. छाटणीतली नेहमीची काडी ८ ते १० मिमी असते, म्हणून २५ मिमीची कात्री द्राक्षाला पुष्कळ झाली. ती हलकी असते आणि तोंड लहान उघडत असल्यामुळे सुरक्षितही जास्त.

दुकानात कात्री हातात घेतली की खटका हळूहळू दाबून बघा. चांगल्या कात्रीत बोट जेवढं दाबाल तेवढंच पातं मिटतं आणि बोट सोडलं की तिथूनच परत उघडतं. दुसऱ्या प्रकारात खटका थोडा दाबला की पातं एकदम पूर्ण मिटतं. दुसरा प्रकार थोडा स्वस्त पडत असला तरी घेऊ नये. चूक लक्षात आल्यावर मागे घ्यायला त्यात वेळच मिळत नाही. पहिल्या प्रकाराच्या काही कात्र्यांत दोन्ही पद्धती असतात आणि खटका काही सेकंद धरून ठेवला की पद्धत किंवा पात्याची उघडझाप बदलते. तशी असेल तर माहितीपत्रक वाचून पहिल्याच दिवशी हळू पद्धतीवर, अर्ध्या तोंडावर लावून ठेवा. १० मिमीच्या काडीला अर्धं तोंड पुरेसं आहे.

बागेत कशी चालते

काम चांगलं होतं, यात शंका नाही. काडी स्वच्छ कापली जाते, चिरत नाही, आणि खरडछाटणीत एकामागून एक शेकडो काप घेताना मनगटाला ताण येत नाही. दोन एएचच्या खऱ्या बॅटरीत १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॅट-तास ऊर्जा असते. नेहमीच्या जाडीच्या काड्यांवर त्यावर दोन ते चार तास काम निघतं, जुन्या लाकडावर कमी. दोन बॅटऱ्यांवर घरच्या माणसाचा दिवस भागतो.

गैरसोय आहे ती वजनाची. साधी हातकात्री पाव किलोच्या आत-बाहेर, ही बॅटरीसकट किलोच्या आसपास. वाय पद्धतीच्या बागेत हात छातीच्या किंवा खांद्याच्या उंचीवर राहतो, तिथे चालून जातं. मांडवाच्या बागेत हात सतत डोक्यावर, तिथे मनगट वाचतं पण खांदा भरून येतो. मांडव असेल तर अर्ध्या तासाने हात खाली घ्यायचा आणि दोघांनी आलटून-पालटून काम करायचं. दमलेल्या हाताने धरलेली कात्रीच बोटाकडे सरकते.

विरळणीला ही कात्री अजिबात नको. घडातले मणी काढायला लहान टोकाची विरळणी कात्रीच लागते.

कापताना धारदार पातं वेलीवर राहणाऱ्या भागाकडे आणि खालचं स्थिर पातं पडणाऱ्या भागाकडे हवं. स्थिर पात्याच्या बाजूला काडी थोडी दबते, ती दबलेली बाजू कापून पडणाऱ्या तुकड्यावर जाऊ द्या. काडीवरच्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) वर साधारण सेंटीमीटरभर काडी ठेवून काप घ्या. पात्याने काडी अडवून धरली तर मनगट फिरवून ती तोडू नका. खटका सोडा, पातं उघडेल, मग जरा बारीक जागी घ्या किंवा करवत वापरा. पिळण्याने पातं वाकतं, दोन पात्यांत फट पडते आणि नंतर काडी कापली न जाता दुमडायला लागते. तारेवरही असंच सांभाळायचं. पातं जीआय तारेवर मिटलं तर धारेत खाच पडते, आणि पात्याचा बारीक तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. मांडवाखाली वर बघत काम करताना सालीची भुकटीही डोळ्यांतच येते. साधा पारदर्शक गॉगल शंभर-दीडशे रुपयांत मिळतो, तो घातल्याशिवाय कात्री चालू करू नये.

बोटांचा प्रश्न

इथे जरा थांबून वाचा. हातकात्रीने बोट चेपलं की दुखतं आणि हात आपोआप सैल पडतो. बॅटरी कात्रीत हाताला तसं काहीच जाणवत नाही. जी मोटर चिवट काडी कापते, तिला बोट त्याहून मऊच लागतं, आणि पातं मिटायला अर्ध्या सेकंदाहून कमी वेळ लागतो.

अपघाताचं मूळ बहुतेक वेळा हातकात्रीच्या सवयीत असतं. हातकात्रीने कापताना डाव्या हाताने काडी ताणून धरावी लागते, नाहीतर काप नीट येत नाही. बॅटरी कात्रीला त्या ताणाची गरज नसते. म्हणून नवीन पद्धत अशी लावून घ्या: डाव्या हाताने काडी बाजूला करून जागा बघायची, हात सोडायचा, मग कापायचं. कापलेल्या काड्या ओढून काढायचं काम वेगळं, पाच-सहा वेली झाल्यावर, कात्री बंद करून. ज्यांना धरल्याशिवाय जमतच नाही त्यांनी डावा हात पडणाऱ्या टोकाला, कापाच्या जागेपासून निदान वीतभर लांब ठेवावा. कात्रीच्या तोंडाच्या रेषेत आणि पानांआड हात कधीच नको. पानाआड हात दिसत नाही आणि काडीसारखं बोट तोंडात येतं.

सुती किंवा रबरी हातमोजे काडीच्या टोकांपासून आणि ओरखड्यांपासून वाचवतात, पात्यापासून नाही. ते घालून धीट होऊ नका. महागड्या युरोपीय कात्र्यांत पातं त्वचेला लागताच थांबणारी यंत्रणा मिळते. दहा हजारांच्या आतल्या कात्रीत ती असेल असं धरून चालू नये.

कात्री दुसऱ्याच्या हातात देताना, तारेवर किंवा खांबाला अडकवताना, पाणी प्यायला जाताना, ओळ बदलताना पातं मिटलेलं आणि स्विच बंद हवा. बहुतेक मॉडेलांत खटका दाबून धरला की पातं मिटून शिट्टी वाजते, तसाच धरून स्विच बंद केला की पातं मिटलेलं राहतं. नुसता स्विच बंद केला तर पातं उघडंच राहतं, हे लक्षात ठेवा. कात्री चालू करताना खटका दोनदा दाबावा लागतो तो याचसाठी, पहिल्या चुकीच्या दाबाने ती सुरू होऊ नये म्हणून. ही सोय चिकटपट्टी लावून किंवा आणखी काही जुगाड करून मोडू नका. एका ओळीत दोघे समोरासमोर छाटत असतील तर मधे निदान एक वेल मोकळी ठेवा.

आणि बोट कापलंच तर काय करायचं हे बागेतल्या प्रत्येकाला आधी माहीत हवं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर ठेवायचा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. तुटलेला भाग थेट बर्फाला लावायचा नाही, त्याने पेशी मरतात. हळद, चुना, तंबाखू काही लावायचं नाही. १०८ला फोन करायचा, आणि मिरज-सांगलीत बोट जोडण्याची शस्त्रक्रिया करणारं रुग्णालय कोणतं आहे ते छाटणीआधीच विचारून नंबर मोबाइलमध्ये ठेवायचा. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात टाके घालण्यात गेलेला तास परत येत नाही.

पातं आणि यंत्रणा

रोज संध्याकाळी पाच मिनिटं पुरतात. पहिलं काम बॅटरी काढणं. पण धार लावायची असेल तर पातं उघडं हवं, म्हणून आधी पातं उघडून स्विच बंद करा आणि मग बॅटरी काढा. एसके-५ हे जास्त कार्बनचं पोलाद आहे, धार चांगली धरतं, पण स्टेनलेससारखं गंजरोधक नाही. रस आणि सालीचा चिकटा तसाच राहिला तर सकाळपर्यंत तांबूस होतो. फडक्याला थोडं रॉकेल किंवा स्पिरिट लावून पातं पुसा, कोरडं करा, आणि पात्याच्या मधल्या खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून पातं एक-दोनदा उघडझाप करा. त्यासाठी बॅटरी क्षणभर लावा आणि परत काढा. गंज सोडवायचा स्प्रे इथे तेलाची जागा घेत नाही. तो ग्रीस धुऊन काढतो आणि लवकर उडून जातो.

बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारलेल्या बागेत जास्त जपायला हवं. एक टक्का बोर्डोत १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना जातो, आणि मोरचुदातलं तांबं ओल्या पोलादावर बसलं की तिथे गंज झपाट्याने धरतो. ओलसर बोर्डोवर काप घेतले असतील तर पातं त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून कोरडं करून तेल द्या. रोगट वेलीवरून दुसऱ्या वेलीवर जाताना पात्यावर ७० टक्के स्पिरिट मारावं. सोडियम हायपोक्लोराइटने जंतू मरतात, पण पातंही खाल्लं जातं. स्पिरिट मारलं की ते उडून जाईपर्यंत कात्री चालू करायची नाही आणि जवळ विडी-काडी नको.

धार फक्त हलत्या पात्याच्या तिरप्या बाजूला लावायची. ४०० ते ६०० ग्रिटची डायमंड पट्टी घ्या, मूळ तिरपेपणा जसा आहे तसाच धरून मुळापासून टोकाकडे एकाच दिशेने दहा-बारा हात मारा. सपाट बाजूला पट्टी पूर्ण सपाट ठेवून एक-दोनदाच फिरवा, आलेली बारीक कड निघावी एवढ्यासाठी. सपाट बाजू तिरपी झाली तर दोन पात्यांत फट पडते आणि ती परत जुळत नाही. अँगल ग्राइंडरवर किंवा सहाणेच्या मोटरीवर धार लावून आणणं पूर्ण टाळा. पातं निळं पडलं की त्याचा टेंपर, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेला. मग कितीही घासा, धार दोन ओळीही टिकत नाही.

पात्याचा नट कसा आहे ते वर्तमानपत्राच्या कागदाने कळतं. एक पान सैल धरून पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत कापा. मधे कागद दुमडला तर फट आहे. आधी अडकवणीचा छोटा स्क्रू सैल करा, नट एका वेळी अष्टमांश फेराच आवळा, परत कागद कापून बघा. कागद स्वच्छ कापतो पण मोटर कण्हत चालते, तर नट जास्त आवळला गेला. तेवढाच मागे घ्या आणि स्क्रू परत बसवा. पुढच्या झाकणाखालच्या गिअरला हंगामाच्या सुरुवातीला वाटाण्याएवढं लिथियम ग्रीस पुरतं. ट्रॅक्टरचं ग्रीस ठासून भरलं तर ते गरम होऊन सर्किटकडे उतरतं.

बहुतेक मॉडेलांत खटक्यात लहान चुंबक आणि समोर सेन्सर असतो. धार लावताना निघालेला लोखंडी कीस तिथे जाऊन बसला तर पातं बोटाशी जुळून चालत नाही, कधी अडखळतं, कधी उशिरा उघडतं. असं दिसलं की काम थांबवा, बॅटरी काढा, ब्रशने खटक्याची खोबण साफ करा. तरी सुधारलं नाही तर ती कात्री वापरू नका. बोटाचं न ऐकणारी कात्री एक ओळ संपवण्यासाठीही चालवायची नसते.

ही कात्री नळाखाली धुवायची नाही. ऑक्टोबर छाटणीत परतीचा पाऊस आणि सकाळचं दव दोन्ही असतात, त्यामुळे कोरडं फडकं आणि प्लास्टिकची पिशवी सोबत ठेवा.

बॅटरी, जिच्यावर सगळं अवलंबून आहे

दोन एएचची बॅटरी एक अँपिअरच्या चार्जरवर रिकामीपासून भरायला अडीच तासांच्या आसपास लागतात. शेवटचा टप्पा मुद्दाम हळू असतो. पूर्ण रिकामी बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात हिरवा दिवा दाखवत असेल तर आनंद मानू नका. एक अँपिअरने ४० मिनिटांत पाऊण एएचसुद्धा भरत नाही. एकतर सेल लिहिल्यापेक्षा फार लहान आहेत, किंवा एक सेल बाकीच्यांआधी भरून सर्किट बंद करतोय. नवी असेल तर तशीच परत करा.

लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४०च्या घरात असतो. पत्र्याच्या शेडमध्ये, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर, दुचाकीच्या डिकीत तो सहज त्यापुढे जातो. बागेतून आणलेली गरम बॅटरी आधी अर्धा-पाऊण तास सावलीत ठेवा, हाताला गार लागली की मग चार्जर लावा. पाण्यात बुडवून किंवा फ्रिजमध्ये ठेवून गार करू नका.

चार्जिंगची जागा म्हणजे उघडी फरशी किंवा कोबा. पोतं, गादी, बेदाण्याचे क्रेट यांच्यावर नको. आणि औषधांच्या खोलीत तर नकोच नको. द्राक्षबागायतदाराच्या त्या खोलीत गंधकाच्या पिशव्या असतात, बेदाणा करणाऱ्यांकडे डिपिंग ऑइलचे कॅन असतात. दोन्ही पेट घेणारे. रात्री चार्जिंग लावून झोपण्याची सवय मोडा. ग्रामीण फीडरवर वीज जाऊन परत येताना व्होल्टेज उसळतो आणि स्वस्त चार्जर त्यातच जातो. वीज परत आली की पाच-दहा मिनिटांनी चार्जर लावा, दिवा हिरवा झाला की काढा. मोबाइलचा, लॅपटॉपचा किंवा दुसऱ्या कात्रीचा पिन बसतो म्हणून चार्जर बदलू नका. चार सेलच्या कात्रीचा चार्जर १६.८ व्होल्टचा, पाच सेलचा २१चा, आणि पिन दोघांचा सारखा असू शकतो.

या सेलना पोलादी नळीचं आवरण असतं, त्यामुळे मोबाइलच्या बॅटरीसारखे ते फुगून सूचना देतीलच असं नाही. काही न करता बॅटरी कोमट राहणं, गोडसर उग्र वास, जोडणीजवळ पांढरट किंवा चिकट डाग ही लक्षणं धरा. असं दिसलं की बॅटरी उघड्यावर, मातीवर, घरापासून लांब ठेवा. पेटलीच तर लांबून भरपूर पाणी मारत राहा. इथे सेल गार करणं महत्त्वाचं, नाहीतर शेजारचा सेल पेटतो. वाळूने ज्वाळा झाकल्या जातात पण उष्णता आतच राहते. धूर विषारी असतो, त्यात उभं राहू नये.

आता मुख्य दुखणं. खरडछाटणी आटोपल्यावर मे ते सप्टेंबर, फळछाटणीनंतर नोव्हेंबर ते मार्च, बॅटरी पडून राहते. बहुतेक घरांत ती शेवटच्या दिवशी संपते, तशीच कात्रीला लावून खोक्यात जाते. बॅटरीतलं सर्किट बंद असतानाही किंचित वीज घेतं, कात्री लावलेली असेल तर आणखी थोडी. कात्री बंद पडते तेव्हा बॅटरी साधारण १५ व्होल्टला असते, म्हणजे सेलमागे तीन. चार-पाच महिन्यांत ती त्याखाली घसरत जाते. सेल दोन व्होल्टच्या खाली गेला की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे जमून आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून ‘मेलेली’ बॅटरी दुसऱ्या बॅटरीला वायरने जोडून जागी करायची युक्ती धोक्याची आहे. मल्टिमीटरवर दहा व्होल्टच्या खाली गेलेली पाच सेलची बॅटरी चार्ज करायची नाही, ती बाद.

पूर्ण भरून ठेवणंही बरोबर नाही. भरलेला सेल उन्हाळ्याच्या उष्णतेत लवकर म्हातारा होतो. मल्टिमीटरवर १८.५ ते १९ व्होल्ट, म्हणजे साधारण अर्धी, ही पडून राहण्याची योग्य पातळी. कात्रीतून काढून, तोंडाला चिकटपट्टी लावून, खिळे-स्क्रूंपासून लांब, घरातल्या सगळ्यात गार कोरड्या कपाटात ठेवा. दोन महिन्यांनी एकदा मोजा, १७.५च्या खाली आली तर अर्धा तास चार्जर लावा. मल्टिमीटर अडीच-तीनशे रुपयांत येतो आणि एका बॅटरीची किंमत वाचवली की वसूल होतो.

बाजारात ‘मकिता टाइप’ म्हणून मिळणाऱ्या बॅटऱ्या ड्रिल, ग्राइंडर आणि कात्री तिन्हींना बसतात. बसतात म्हणून चालवू नका. कात्री क्षणभर वीज ओढते आणि थांबते. ग्राइंडर २० अँपिअरच्या पुढे सलग ओढू शकतो, १८ व्होल्टला ते ३६० वॅट झाले. पाच सेलची लहान बॅटरी मांडवाची तार कापायला ग्राइंडरवर लावली की ती दहा मिनिटांत हात लावू देत नाही, आणि नंतर कात्रीलाही पुरी पडत नाही. ग्राइंडरला दहा सेलची वेगळी बॅटरी ठेवा.

बाद बॅटरी कचऱ्यात किंवा बांधावर टाकू नका, जाळू तर नकाच. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ती विकणाऱ्या दुकानात किंवा नोंदणीकृत ई-कचरा संकलकाकडे द्या.

खरेदीच्या दिवशीच सुटे भाग विचारा: हलतं पातं, स्थिर पातं, मधला नट-बोल्ट, बॅटरी. वॉरंटी कात्रीवर आहे की बॅटरीवरही, आणि किती महिन्यांची, हे बिलावर लिहून घ्या. छाटणी सुरू झाल्यावर सांगली-मिरजेत फिरून पातं शोधण्यात दिवस जातो, म्हणून एक जोडी आधीच घेऊन ठेवा. पातं बदलताना हलतं आणि स्थिर दोन्ही एकदम बदला. झिजलेल्या स्थिर पात्यावर नवं पातं बसवलं तर पहिल्या दिवसापासून टोकाला फट राहते, आणि नट आवळून ती जात नाही.